भिंतीवरची वेल

शाल्मलीने आलेख तिसऱ्यांदा पाहिला, तरी तेच. गुळवेलीत सापडायला हवीत ती संयुगं नव्हतीच, भलतीच डोकं वर काढून बसली होती. ती काम करायची त्या मल्लेश्वरमच्या प्रयोगशाळेतली वनस्पतितज्ज्ञ अनुषा खोडाचा तुकडा बोटांत फिरवत होती.

"यावर चामखिळींसारखे फोड आहेत बघ. ही गुळवेल नाही, तिच्या कुळातली दुसरी वेल. हिने काहींचं यकृत बिघडतं. कुणी घेत नाही ना?"

घेत होतं. तिच्या सासूबाई, शारदाबाई, घेत होत्या, आणि तेही शाल्मलीच्याच भरवशावर.

नमुना आधी तज्ज्ञाला दाखवायचा, मग तपासायचा, असा नियम. पण वेल चामराजपेटेतल्या त्यांच्याच घराच्या मागच्या भिंतीवरची. घरच्या वेलीची कसली ओळख पटवायची? शाल्मलीबाईंनी थेट अर्क काढला. त्यात मिसळलेलं चाचणीचं जांभळं द्रावण अर्ध्या तासात पिवळं पडलं, म्हणजे अँटिऑक्सिडंट गुण दांडगा! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. त्याच संध्याकाळी तिने घरी जाहीर केलं, "आई, तुमची वेल अव्वल आहे." नळीतला गुण पोटात गुणच ठरेल असं थोडंच आहे? पण शारदाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून मंडल धरलं. अठ्ठेचाळीस दिवस रोज सकाळी पेलाभर काढा, खंड पडता कामा नये. आज एकेचाळिसावा दिवस होता.

शारदाबाई फोन उचलेनात. शाल्मलीने रिक्षा पकडली. घरी पोचली तर त्या पायरीवर दंड खाजवत बसलेल्या.

"आई, काढा बंद. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"सातच दिवस राहिलेत गं. मंडल मोडू नये."

"मोडू दे! ती गुळवेल नाही. चूक माझी आहे. तुम्हाला काही त्रास होतोय का?"

शारदाबाई ओशाळल्या. "दोन आठवडे झाले. मळमळतंय, अन्न नको वाटतंय. स्वल्प खाजही आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी राबून चांगलं म्हणालीस. मला बाधलं म्हटलं असतं, तर तुझं काम खोटं पडलं असतं की."

शाल्मलीला भीतीने रडूच फुटलं. तिने त्यांना धरून रिक्षात बसवलं. शारदाबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"डॉक्टरला मी सांगते, माझ्या मनानंच घेतलं म्हणून. तू गप्प राहा. सरी? ठीक आहे ना?"