नमिता मॅडमनी सांगितलं

"आईला सांगू नका, मॅडम. प्लीज," रुचिरा म्हणाली आणि बॅग उचलून उभी राहिली.

नमिता गप्प राहिली. रुचिराने त्याचा अर्थ होकार असाच घेतला असावा, कारण दारातून वळून तिने 'थँक्यू' म्हटलं. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली गेला आणि नमिताला वाटलं, हिला जाऊ द्यायला नको होतं.

नमिता केरकर भांडुपच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. बारावी सायन्सची वर्गशिक्षिका. कॉलेजने समुपदेशन कक्ष काढायचं ठरवलं, तेव्हा 'मुलं तुमच्याशी बोलतात' एवढ्याच कारणावरून तो तिच्या गळ्यात पडला. एक कार्यशाळा केली, तेवढंच तिचं त्यातलं शिक्षण. लॅबशेजारची अडगळीची खोली, दोन खुर्च्या, एक पंखा. कुणाला क्लासच्या टेस्टमध्ये मार्क कमी, कुणाचं ब्रेकअप, कुणाच्या घरात अभ्यासाला जागा नाही. नमिता ऐकायची, वेळापत्रक आखून द्यायची, कधी नुसता चहा मागवायची. बहुतेकांचं तेवढ्यावर भागायचं.

रुचिरा दळवी आपण होऊन आली नव्हती. वर्गातली हुशार मुलगी, आणि प्रिलिमच्या फिजिक्सच्या पेपरात तिने कोरी उत्तरपत्रिका परत केली, म्हणून नमिताने तिला बोलावून घेतलं होतं. आधी ती म्हणाली, पेपर कठीण होता. मग म्हणाली, वाचलेलं दिसतं पण कळत नाही. मग खिडकीकडे बघत, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाली, "मी नसले ना मॅडम, तर घरातलं सगळं सोपं होईल. रोजच येतं हे डोक्यात आता."

रुचिरा गेल्यावर नमिता उपप्राचार्य निमेश सरांकडे गेली. ते सुपरव्हिजनच्या वाटणीत गुंतले होते.

"मुलं बोलतात हो असं," ते म्हणाले. "प्रिलिम संपू दे. बोर्डाच्या तोंडावर पालकांना बोलावलंत, तर पोरीची वाट लागेल. आणि तिने विश्वासाने सांगितलंय ना तुम्हाला? उद्यापासून तुमच्या त्या खोलीत कोणी येणार नाही."

शेवटचं खरं होतं. ते नमितालाही कळत होतं.

ती अकरावीच्या वर्गावर गेली. फळ्यावर समीकरण लिहिलं, पुसलं, पुन्हा तसंच चुकीचं लिहिलं. मागच्या बाकावरून प्रबुद्धने विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" तिने मुलांना वाचायला सांगितलं आणि बाहेर येऊन रुचिराला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मग तिने पर्स घेतली, कुणालाच काही न सांगता गेटबाहेर आली आणि रुचिराच्या घरी जायला कोकण नगरची रिक्षा पकडली.

रिक्षात तिला वाटलं, आपण मूर्खपणा करतोय. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा वाटलं, उतरून चालतच पुढे जावं, लवकर तरी पोचू.

रुचिराची आई जानकी एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची आणि दुपारी घरी यायची. वडील मरोळच्या कंपनीत ड्रायव्हर. घर चढावरच्या चाळीत, एका खोलीचं. मुलीच्या मॅडमला दारात बघून जानकी गडबडली, खुर्चीवरचे कपडे उचलले, पाणी आणलं. "क्लासला गेलीय ती. काय केलं तिने?"

"काही केलं नाही. तुम्ही आधी बसा," नमिता म्हणाली, आणि रुचिरा जे बोलली ते तिने तिच्याच शब्दांत सांगितलं.

जानकी इतका वेळ मुंबईचं बोलत होती, ती आता गावचं मालवणी बोलायला लागली. "माझ्या चेडवाक येडा ठरवतास काय तुमी? काय कमी केला आमी तिका? बापूस डबल ड्युटी करता."

"कोणी वेडं नाही ठरवत, ताई. ताप आला तर नेतो ना डॉक्टरकडे, तसंच."

"डॉक्टर होऊचा आसा तिका."

"हो. पण आधी ती राहायला हवी."

हे आपण जरा जास्तच बोललो असं नमिताला वाटलं. जानकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "दिवाळीचा नवा ड्रेस तिने चुलत बहिणीला देऊन टाकला, मॅडम. एकदाच घातलेला. मी म्हटलं, चला, पोरगी समजूतदार झाली."

तेवढ्यात रुचिराच दारात आली. क्लास अर्धा टाकून आली होती. तिने आईकडे पाहिलं, मग नमिताकडे.

"तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"मग आता सगळ्यांनाच सांगा."

रागावून जायला घरात दुसरी खोली नव्हती. ती कपाट आणि भिंतीच्या मधे, पाठ फिरवून जमिनीवर बसली. जानकी उठली. मुलीला हात लावावा की नाही हे तिला कळेना. शेवटी ती तिच्या मागे तशीच बसली आणि तिच्या पाठीवर तिने कपाळ टेकलं. नमिता आवाज न करता बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी सरकारी हॉस्पिटलात गेल्या. रुचिरा आईच्या पलीकडच्या बाजूला बसली. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला एका डॉक्टरबाईंशी बोलणं सुरू झालं. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा अभ्यास थांबवला. बोर्डाचे पेपर तिने दिले. नमिताशी मात्र ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. केमिस्ट्रीच्या तासाला मान खाली घालून लिहायची. प्रॅक्टिकलला शंका आली तर मैत्रिणीला, कल्पिताला, विचारायला लावायची.

वर्गात गोष्ट पसरलीच. समुपदेशनाच्या खोलीत कोणी येईना. नमिता मधल्या सुट्टीत तिथे जाऊन बसायची, उठायची, खिडकीशी जायची. लॅबमध्ये जाऊन धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवायची. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगता आलं असतं, याचा ती विचार करायची. रुचिरालाच विचारून, तिला सोबत घेऊन? तसं करायला हवं होतं, असं तिला कधीकधी वाटायचं. मग पुन्हा ती दुपार आठवायची आणि वाटायचं, तेवढा वेळ कोणी दिला असता?

मार्कशीट वाटायच्या दिवशी जानकी एकटीच जिना चढून वर आली.

"खाली उभी आहे ती. वर नाही येणार. राग गेला नाही अजून."

"असू दे."

"बीएस्सीला टाकतोय. मुलुंडला." जानकी घुटमळली. "घरात फार भांडते हो आता. तोंड वर करून बोलते. काल मला म्हणाली, माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही. बापाला पण सोडत नाही."

बोलताना तिचा चेहरा तक्रार करणाऱ्या बाईसारखा नव्हता.

ती गेल्यावर नमिता गॅलरीत आली. गेटपाशी रुचिरा कल्पिताशी तावातावाने काहीतरी बोलत होती, पाठ कॉलेजकडे. आई आल्यावर तिने तिच्या हातातली मार्कशीट ओढून घेतली, दुमडू नको म्हणून तिच्यावर खेकसली, आणि दोघी रस्ता ओलांडू लागल्या. ट्रक आला तेव्हा रुचिराने आईला दंडाला धरून मागे ओढलं. ट्रक गेला. दोघी पलीकडे पोचल्या, आणि पोरीने मागे वळून पाहिलं नाही.