पंचेचाळीस कड्यांचा करदोटा

मित्रांनो, मी एक जुना करदोटा आहे. सुताचा नव्हे हं, चांदीचा! कंबरेला बांधायची साखळीच म्हणा ना. सुताचे करदोटे वर्षा-दोन वर्षांत झिजून तुटतात. मी मात्र एका घराच्या तीन पिढ्यांच्या कमरा पाहिल्या आहेत आणि माझी एकही कडी अजून तुटलेली नाही. ही बढाई वाटली तर खुशाल वाटू द्या. बढाई मारावी असं माझ्याकडे बरंच काही आहे.

मला सांगोल्याच्या एका सोनाराने घडवलं. एकेक कडी एका बोटाच्या रुंदीची, अशा पंचेचाळीस कड्या. एका टोकाला जाड आकडा आणि दुसऱ्या टोकाला अंगठीएवढा फासा. आकडा त्या फाशातच बसतो, मधल्या कुठल्याही कडीत जात नाही. त्यामुळे मला आखूड करता येत नाही आणि ताणून लांबही करता येत नाही. ज्याला मला वापरायचं असेल त्यानं आपलं पोट माझ्या मापाचं ठेवावं, असा माझा सरळ हिशेब.

माझे दुसरे धनी बिरप्पा; वडिलांकडून मी त्यांच्याकडे आलो. मेंढरं राखणारे. वर्षातले आठ महिने माळामाळाने चालणारे, ज्वारीची भाकरी, कांदा आणि ताक यांवर राहणारे. त्यांच्या पोटावर चिमटीत धरावं म्हटलं तरी चरबी सापडायची नाही. एरवी मी त्यांच्या धोतराखाली असे. पण चैत्रात बिरोबाची जत्रा आली की ढोलावर नाचायच्या धनगरांच्या गजीच्या नाचात पहिला पाय टाकण्याचा मान त्यांचा, आणि त्या दिवशी मी धोतरावर, सगळ्यांना दिसेल असा झळकत असे. ढोलाच्या ठेक्यावर मी उन्हात चमकलो की बायाबापड्या बोट दाखवत. खरं सांगतो, मला फार आवडायचं ते.

१९२८ सालच्या जत्रेत बिरप्पांचा गुडघा धरला. आता मान मुलाला द्यायचा. त्यांचा मुलगा ज्ञानबा सोलापूरच्या एका कापडगिरणीत जॉबर होता. वीस मागांवर देखरेख करायची, म्हणजे स्टुलावर बसायचं. भोंगा झाला की गिरणीच्या फाटकावर भजी, घरी शेंगापोळी आणि जायला-यायला टांगा. दहा वर्षांत त्याला चांगलंच पोट सुटलं होतं.

ज्ञानबाने श्वास कोंडला, पोट आत ओढलं आणि आकडा कसाबसा फाशात अडकवला. मी तारेसारखा ताणलो. बिरप्पा म्हणाले, "आता हस बगू."

"हसू?" ज्ञानबाने दातांआडून विचारलं.

"व्हय. जत्रंत मानूस हसतंय, जेवतंय, नाचतंय. श्वास कोंडून किती येळ उभा ऱ्हाशील?"

शेजारी चुलतभाऊ श्रीमंत उभा होता. गावातच मेंढरं राखणारा, सडसडीत गडी. तो म्हणाला, "काका, ह्यांच्या गिरनीत कापड इनत्यात का पोटं?" सगळे हसले. ज्ञानबालाही हसू आवरलं नाही. त्याबरोबर माझा आकडा सुटला आणि ढोलावर जाऊन टण्णकन आपटला. बिरप्पांनी मला पुन्हा त्याच्या कंबरेभोवती धरून माझ्या दोन टोकांतलं अंतर मोजलं. चार बोटं भरलं.

त्या वर्षी श्रीमंत पहिला नाचला. बिरप्पांनी मला मात्र ज्ञानबाच्या हातात दिलं. "वरीसभर तुज्याकडं ऱ्हाऊ दे. पुडच्या जत्रंला दोरा न जोडता बसला, तर करदोटा तुजा आन् मान बी तुजा. न्हाय तर दोनी श्रीमंताचं."

सोलापुरात येताच ज्ञानबाने माझ्या टोकांना काळा दोरा जोडून मला कंबरेला बांधलं. चांदीला सुताचं ठिगळ! माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा.

मग त्याने उपवास सुरू केले. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या. त्याची बायको कस्तुराबाई बिचारी मनापासून उपवासाचं करी. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे लाडू, तुपात परतलेली रताळी. "उपासाला चालतंय की," म्हणत ज्ञानबा आणखी एक लाडू घेई. श्रावण संपला तेव्हा दोरा चार बोटांचा सहा बोटं झाला होता. मला राग यावा की हसू, तेच कळेना.

तेव्हा तो गल्लीतल्या तालमीत ईश्वरप्पा वस्तादांकडे गेला. वस्तादांच्या घरी कानडी बोलत. त्यांनी ज्ञानबाच्या पोटात अंगठा रोवला, तो सरळ आत गेला. "ही होट्टे उपाशी ठिवून काय करतोस? ही निजलीया. हिला उटवायला पायजे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ज्ञानबा भल्या सकाळी तालमीच्या लाल मातीत उतरू लागला. आधी सूर्यनमस्कार, मग जोर आणि बैठका. शेवटी पाठीवर निजून दोन्ही पाय जुळवायचे, हळूहळू वर न्यायचे आणि त्याहून हळू खाली आणायचे. पहिल्या दिवशी पाच वेळा पाय उचलले आणि संध्याकाळी त्याला शिंकताही येईना. खाण्याचंही वस्तादांनी ठरवून दिलं. दोन वेळा दोन-दोन भाकरी, मुगाची आमटी, अंबाडीची भाजी, भरपूर ताक. भजी बंद, टांगा बंद. कस्तुराबाईने लाडवांचा डबा शेजारी देऊन टाकला.

दिवाळीपर्यंत दोरा सहा बोटांवरून तीनवर आला. मग मात्र तिथेच अडला. एक आठवडा झाला, दोन झाले, तीन झाले. ज्ञानबा रोज मोजी आणि तोंड पाडून बसे. एका सकाळी त्याने मला सोडलं, खुंटीला टांगलं आणि म्हणाला, "माज्यानं न्हाय व्हायचं. गावाकडचं कोन आलं तर श्रीमंताला धाडून दे. मी काय आता तालमीत जात न्हाय."

तो गिरणीत गेल्यावर कस्तुराबाईने पेटीतली आपली जुनी जोडवी काढली, मला पदरात गुंडाळलं आणि सोनाराकडे गेली.

"ह्या जोडव्यांच्या तीन कड्या करून ह्यात घाला. पर डाग देऊ नका, नुसत्या वळवून बसवा. मला परत काडायच्यात."

मित्रांनो, त्या दिवशी मी तिच्यावर फार रागावलो. ज्या अंगाचा मला एवढा अभिमान, त्यात खोटं घातलं! मला वाचा असती तर मी सोनाराच्या दुकानातच ओरडलो असतो.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "धाडायच्या आदी येकदा लावून तर बगा की." त्याने नाइलाजाने मला कंबरेभोवती घेतलं. आकडा फाशात बसला, दोऱ्याविना. ज्ञानबा आधी आपल्या पोटाकडे आणि मग तिच्याकडे बघतच राहिला. "कस्तुरे, बसला! आता जत्रंपातूर काडायचाच न्हाय!"

आणि त्याने खरंच काढलं नाही. अंघोळीलाही नाही. कस्तुराबाईला त्या कड्या काढायच्या होत्या, पण मी तिच्या हाती लागेन तर ना! इकडे तो मात्र दुप्पट जोमाने तालमीत जाऊ लागला. पाय उचलणं पाचाचं पन्नास झालं. गिरणीपर्यंत तो दोन मैल ताठ चालत जाई. मी त्याच्या पोटाला चिकटून असल्यामुळे सगळं मला पहिल्यांदा कळे. आधी ते पोट मळलेल्या कणकेसारखं होतं. पौषात त्याला खालून धर आला. फाल्गुनात वस्तादांनी पुन्हा अंगठा रोवला, तेव्हा अंगठाच दुखला. "आता जागी झाली की रं!" ते म्हणाले. मी सैल पडू लागलो, तरी ज्ञानबाला वाटे, हे आपल्या मेहनतीचंच फळ. ते खरंही होतं. कस्तुराबाईला आनंद होई आणि धाकधूकही.

चैत्र आला. बिरोबाच्या पटांगणात ज्ञानबाने मला धोतरावर चढवलं. आकडा अलगद बसला. बिरप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ढोल घुमला. ज्ञानबाने पहिला पाय टाकला, दुसरा टाकला, गिरकी घेतली आणि मी सरकलो. कंबरेवरून मांड्यांवर, मांड्यांवरून थेट गुडघ्यांवर! नाच थांबला. श्रीमंताने मला उचललं आणि त्याची नजर माझ्या नव्या कड्यांवर गेली.

"काका, मोजा बरं ह्यो."

बिरप्पांनी डोळे मिटून, बोटांनी चाचपत मोजलं. "अट्टेचाळीस." "ज्ञानबा, देवाच्या दारात फसवनूक?"

"आबा, मला न्हाय ठावं! बिरोबाची आन!"

मी शरमेने मेलो. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून कस्तुराबाई पुढे आली. "मामंजी, मी घातल्यात. ह्यास्नी काय बी ठावं न्हाय. ह्येनी हात टेकलं हुतं. मला वाटलं, येकदा आकडा बसलेला दिसला तर उमेद ईल. माज्या जोडव्याच्या कड्या हायत त्या."

बिरप्पांनी कंबरेचा चिमटा काढला. मेंढरांच्या खुरांतले काटे उपसायचा तो चिमटा. त्याने त्यांनी तिन्ही कड्या उघडून काढल्या, मला पुन्हा जोडलं आणि मुलापुढे धरलं.

"लाव."

ज्ञानबाने मला लावलं. श्वास न कोंडता. पंचेचाळीस कड्या, ना एक कमी ना एक जास्त, आणि आकडा फाशात पक्का बसला.

"आता हस."

ज्ञानबाला हसू कुठून येणार? त्याने कस्तुराबाईकडे पाहिलं. ती रडत होती आणि रडतारडता हसली. तिला पाहून तोही हसला, मोठ्याने, पोट धरून. मी जागचा हललो नाही. त्या क्षणी मला माझा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. श्रीमंताने धावत जाऊन स्वतः ढोल गळ्यात घातला आणि वाजवू लागला.

बिरप्पांनी त्या तीन कड्या सुनेच्या तळहातावर ठेवल्या. "ह्या तुज्या. नीट ठिव."

तिने त्या काळ्या दोऱ्यात ओवून चुलीजवळच्या खुंटीला टांगल्या. या गोष्टीला आठ वर्षं झाली. ज्ञानबा चाळिशी ओलांडून गेला, तरी मी त्याच्या कंबरेला दोऱ्याविना बसतो. सणावारी त्याचा हात तिसऱ्या लाडवाकडे गेला तर कस्तुराबाई बोलत नाही. नुसती खुंटीवरच्या कड्या वाजवते. हात मागे येतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा करदोटा असेल तर त्याला पेटीत काळा पडू देऊ नका, आणि त्याला दोराही जोडू नका. चार दिवस उपाशी राहून पोट वठणीवर येत नाही. रोज थोडी मेहनत, ताटात साधं अन्न, आणि मन खचलं तर उमेद देणारं एखादं माणूस, एवढं लागतं.

कोणीही मोजलं तर माझ्या कड्या पंचेचाळीसच भरतात. पण मी मोजतो, तेव्हा अठ्ठेचाळीस मोजतो.