शाळेच्या मैदानात पडलेला पोचा

मित्रांनो, मला वाजवून बघू नका, आवाज बद्दच येईल! मी एक जुनी पितळी परात आहे. नागपूरच्या तांबटाने मला घडवलं आणि २००३ साली सुनीतीवहिनींच्या बॅगेत, साड्यांत गुंडाळून, मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला आले. रोज माझ्यात कणीक मळायची आणि मग चिंचेने घासून मला लख्ख करायचं, असं आमचं छान चाललं होतं.

एकदा त्यांच्या अन्वीच्या शाळेत नाइट्स डे ठरला. नाइट म्हणजे जुन्या काळचे घोडेस्वार वीर. त्यांना ढाल हवीच! विनयरावांनी लेकीसाठी माझ्या पाठीला सुटकेसचा पट्टा चिकटवला. काय सांगू माझा रुबाब!

सकाळी बाईंनी मुलांकडून शपथ घेतली: खरं बोलेन, दुबळ्याची बाजू घेईन, ज्याच्याकडे ढाल नाही त्याच्यावर वार करणार नाही. जिंकेल त्याच्या खांद्याला तलवार लावून बाई त्याला नाइट करणार होत्या. अन्वीने तर आठवडाभर दुसरा विषयच काढला नव्हता.

शेवटची लढत ऑलिव्हरशी होती, फोमच्या तलवारींनी. आणखी एक वार लागला की अन्वी जिंकणार, तेवढ्यात त्याची पुठ्ठ्याची ढाल फाटून लोंबायला लागली.

"हिट हिम, अन्वी!" पोरं ओरडली.

अन्वीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मला सरळ खाली टाकलं. डांबरावर आपटून मला हा पोचा आला. पुढच्याच झटापटीत ती हरली. रडत रडत घरी गेली, मला तिथेच विसरून. मी एकटी पडले, पोटात पाऊस साचत राहिला. खरं सांगते, मला माझ्यापेक्षा तिचंच वाईट वाटत होतं.

संध्याकाळी ऑलिव्हर मला घेऊन आमच्या दारी आला. दार उघडताच त्याने मला दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि चक्क एक गुडघा टेकला.

"अगंबाई! याचं काही पडलं का गं?" वहिनी पायरीवर शोधायला लागल्या.

"नाही गं आई," अन्वी डोळे पुसत म्हणाली, "ही इज बीइंग अ नाइट."

ऑलिव्हर उठला. "आय ॲम अ नाइट नाऊ," तो म्हणाला, "सो आय कॅन मेक यू वन." आणि त्याने फोमची तलवार हळूच अन्वीच्या दोन्ही खांद्यांना लावली. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि मग दोघांना गरम पोळ्या वाढल्या.

मित्रांनो, कणीक मळताना मी आता जरा डगमगते. वहिनी खाली फडकं सरकवतात. मला घासा, पुसा, पण एवढं ऐका: हा पोचा ठोकून सरळ करू नका.