लेप दिलेल्या काचा

"खाली काच, तिच्यावर ऋण भार. वर आपलं पॉलिमर, त्याच्यावर धन भार. मधे पापुद्रा," कौमुदी मॅडम पडद्यावर बोट ठेवून सांगत होत्या. "काका, समजलं ना? तुम्हाला समजलं तर समितीलाही समजेल."

चार वाजता मॅडमना समितीपुढे बोलायचं होतं आणि सकाळी अकराला प्रयोगशाळेत त्याची रंगीत तालीम चालू होती. श्रोता एकच, परिचर दिवाकर गावंडे. सूक्ष्मदर्शकाचं टेबल पुसता पुसता त्याने चित्राकडे पाहिलं. काचेवर लाल रंगात वजाच्या खुणा मांडलेल्या होत्या. त्या खुणा पाहिल्या आणि त्याचा हात थांबला.

शहराच्या तेलीबांधा भागापासून बसने तासाभरावर असलेल्या या संस्थेत येण्याआधी दिवाकरने शहरातल्याच एका दवाखान्याच्या पॅथॉलॉजीत बावीस वर्षं काढली होती. तिथे रोग्याच्या मांसाचा पातळ काप काचेवर ठेवून रंगवताना हमखास निसटायचा. म्हणून काचा आधी पॉलिलायसिनच्या द्रावणात बुडवून वाळवायच्या. मग काप असा चिकटायचा की सोडवता सुटत नसे. दिवाकरचा हात या कामात इतका बसलेला की मोठमोठे डॉक्टर 'गावंडेच्या काचा' मागून घेत.

कौमुदी मॅडमचं काम भाजलेल्या जखमेवर लावायच्या पट्टीचं होतं. पेशीच्या आवरणासारखा चरबीचा दोन पदरी पापुद्रा काचेवर पसरायचा, त्यावर पट्टीतलं पॉलिमर सोडायचं आणि भोकं पडतात का ते पाहायचं. भोकं पडली तर ते माणसाच्या अंगावर घालण्यात अर्थ नव्हता. गेल्या महिन्यात पापुद्रा काचेवरून सारखा सुटू लागला. मॅडम एकदा खिडकीशी उभ्या राहून डोळे पुसताना दिवाकरला दिसल्या. बस, जित्याची खोड! कुणाला न विचारता त्याने नव्या डब्यातल्या सगळ्या काचांना आपला लेप दिला.

त्यानंतरचे पापुद्रे शहाण्यासारखे बसले. वरून पॉलिमर ओतलं तरी भोक एकही नाही. मॅडमनी पेढे वाटले. दिवाकरने दोन पेढे चौबे कॉलनीत घरी नेले, बायकोच्या, कमलाच्या हातावर ठेवले आणि आठ दिवस मनातल्या मनात फुगून फिरला. पॉलिमर निर्धोक ठरलं होतं. आज समितीने मान हलवली की मॅडमची नेमणूक तीन वर्षांनी वाढणार होती आणि पट्टीची चाचणी रोग्यांवर सुरू होणार होती.

आता चित्रातल्या वजाच्या खुणा पाहून त्याला कळलं, त्याच्या काचा तशा नव्हत्याच. लेपाचा भार धन असतो, म्हणूनच काप चिकटतो, हे जुन्या डॉक्टरांनीच त्याला शिकवलं होतं. म्हणजे पापुद्र्याला खालून धरून ठेवलं होतं ते त्याच्या लेपाने. वरचं पॉलिमर खरं काय करतं ते कुणी पाहिलंच नव्हतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

गप्प बसलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. त्याच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले होते, मॅडमची नोकरी टिकत होती. पण भाजलेल्या माणसांच्या कातडीचे काप त्याने आपल्या हाताने रंगवले होते. त्याला भीती वाटत होती आणि लाजही.

"मॅडम, त्या काचा कोऱ्या नाहीत," तो म्हणाला. "मी त्याईले लेप देला. दवाखान्यातला."

मॅडमना कळायला क्षणभर लागला. "नव्या डब्यातल्या सगळ्या?"

"साऱ्या."

"काहून नाही सांगितलं, काका?"

"मले वाटलं, मी चांगलंच करून राहिलो."

मॅडम खुर्चीवर बसल्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे, पॉलिमर न सोडता नुसत्या पापुद्र्याची तपासणी त्यांनी जुन्या काचांवरच उरकली होती, नव्यांवर पुन्हा केली नव्हती. मग उठून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि कोरी काच मागितली.

दिवाकरने काच धुतली, पुन्हा धुतली, पाण्यातच ठेवून आणली. पापुद्रा पसरला. तो नीट बसायला सव्वा तास गेला, आणि त्या वेळात दोघंही जेवले नाहीत. या वेळी तो सुटला नाही, एवढं एक नशीब. पावणेतीनला मॅडमनी त्यावर पॉलिमर सोडलं. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली रंग घातलेला पापुद्रा हिरवा चमकत होता. आधी मोहरीएवढा एक काळा ठिपका दिसला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि दहा मिनिटांत सगळी हिरवळ चाळणीसारखी झाली. मॅडमनी तसंच त्याचं चित्र काढून घेतलं.

चार वाजता समितीच्या खोलीत दिवाकर नेहमीसारखा दिव्याच्या बटणांपाशी उभा होता. मॅडमनी आठ दिवसांची सुंदर चित्रं दाखवलीच नाहीत. आजचं एकच दाखवलं आणि सांगितलं की आधीचे निष्कर्ष चुकीच्या काचांवर काढले होते, पॉलिमर सध्या माणसावर वापरण्याजोगं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला. मग तीन वर्षं काय केलं, असं त्यांनी हिंदीत विचारलं, आणि त्या काचा कुणी तयार केल्या तेही विचारलं.

"मैंने," मॅडम म्हणाल्या.

दिवाकरने दिवा लावला. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"नहीं साहब, मैंने किए थे," तो म्हणाला. "मैडम को मालूम नहीं था."

अध्यक्षांनी समोरची फाईल मिटली आणि बाजूला सरकवली. नेमणूक वाढणार नाही, हे दिवाकरला कळलं, मॅडमनाही कळलं. मग अध्यक्षांनी भिंतीकडची खुर्ची दाखवली, गावंडेजी, बैठिए, म्हणाले, आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगायला सांगितलं. या खोलीत त्याला कुणी बसायला सांगण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याने सगळं सांगितलं, पण उभ्यानेच. मॅडम अजून उभ्या होत्या.