पुठ्ठ्याची चौकट दुर्री

मित्रांनो, मी पत्त्यांचा एक जुना कॅट. पाने मळलेली, कोपरे झिजलेले, आणि बावन्नातले एक पान चक्क पुठ्ठ्याचे!

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास मी पिंपरीच्या एका औषध कारखान्यात आलो. जेवणाच्या सुट्टीत कामगार चिंचेखाली तीन पत्ती खेळत. डावावर पैसे नव्हे, चिंचोके लागत. एकदा माझी चौकट दुर्री पुनावळ्याच्या अर्जुनरावांच्या भाकरीच्या फडक्यात गेली आणि त्यांच्या बैलाने वैरणीबरोबर फस्त केली. मग त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या दत्तोबाने खोक्याचा पुठ्ठा कापून नवी दुर्री केली. ती जाड होती, पाठीवरूनही ओळखू येई. मला फार लाज वाटायची.

दत्तोबा मराठवाड्यातला. बाटल्या तपासायचे त्याचे काम. शंभरात तडकलेल्या किती, हे सांगण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. त्याच्या लेकीचे बारसे आणि अर्जुनरावांच्या गावचा उरूस एकाच दिवशी आले. साहेब म्हणाले, "रजा एकालाच. तुमचे तुम्ही ठरवा." दोघांनी मला मध्ये घेतले. ज्याचे चिंचोके संपतील, त्याची रजा गेली.

डाव रंगला. दत्तोबाला एक्क्यांची जोडी आली. त्यातला एक एक्का चौकटचा, तिसरे पान चौकटची नव्वी. जाड दुर्री अर्जुनरावांकडे गेलेली सगळ्यांनी पाहिली. अर्जुनरावांनी सगळे चिंचोके पुढे लोटले. दत्तोबाकडेही तेवढेच उरले होते.

"कलर हाय माझा, दत्तोबा. पानं टाक, उगं बारसं घालवू नगंस."

जोडीपेक्षा कलर, म्हणजे एकाच चिन्हाची तिन्ही पाने, मोठा. पण दत्तोबा बोटांवर मोजू लागला.

"पुठ्ठा तुमच्यापाशी हाय. म्हणजे कलर झाला, तर चौकटचाच. दोन चौकट माझ्याकडं. न दिसलेली पानं अठ्ठेचाळीस, त्यात चौकट दहा. तुमची राहिलेली दोन्ही त्यातलीच? शंभरदा वाटा, चारदा जमंल. दाखवा, राव!"

शंभरात चार म्हणजे शून्य नव्हे, हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने आपलेही सगळे चिंचोके पुढे लोटले. माझाही जीव टांगणीला लागला.

अर्जुनरावांनी पाने उलटली. चौकटची दुर्री, चौकटचा गुलाम आणि... इस्पिकची सत्ती!

अर्जुनराव खो खो हसले. "माझ्याच बैलानं मला बुडिवलं! जा, पोरीला बघून ये." दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळंतिणीसाठी खारकांची पुडी आणून दिली.

पुढे नवे गुळगुळीत कॅट आले आणि मी कोपऱ्यात पडलो. वाईट वाटले, का नाही वाटणार? पण दत्तोबाने बिऱ्हाड आणले, तेव्हा मला घरी नेले. आता चार वर्षांची इंदू माझ्या पानांचे बंगले बांधते. राजा-राणी कुठेही टाकते, पुठ्ठ्याचे पान मात्र आधी शोधते.

म्हणून सांगतो मित्रांनो, एक पान हरवले म्हणून आख्खा कॅट फेकू नका. थोडा पुठ्ठा कापा. काल इंदूने वडिलांना विचारले, "बाबा, हे पान असं का?"

दत्तोबा म्हणाला, "त्यानंच मला तुझ्या बारशाला धाडलं."