वाळलेला तुंबा आणि किमायोची सहा वर्षं

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो, दुधाचा तुंबा. माझी कहाणी ऐकायची तर आधी किमायोचा हिशेब ऐकावा लागेल. त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पळायला लागून त्याला काय मिळणार होतं? परदेशातल्या एका मोठ्या शर्यतीत चाळिशीपुढच्यांमधला पहिला नंबर. आमच्या कड्यावरच्या गावात हा नंबर अगदी सोपा मानतात. तिकडे त्या वयाचे पळणारे म्हणजे दातांचे डॉक्टर आणि बँकेतले साहेब. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी धापा टाकायच्या. नंबराबरोबर बक्षीस, बक्षिसातून गाई. आणि परत आल्यावर, फाटकाशी जमलेल्या गावासमोर, माझ्यातून ओतलेल्या आंबट दुधाचे चार घोट. खरं सांगू? त्याचा जीव त्या चार घोटांतच अडकला होता. नंबर आणि गाई तो बायकोला पटवण्यापुरत्या मोजत असे.

माझा जन्म किमायोच्या आईच्या कुंपणावर झाला. वेलावर होतो तेव्हा मी हिरवा, जड आणि बिनकामाचा होतो. तिनं मला तोडलं, वाळवलं, मान कापली आणि पोटातला सगळा गर खरवडून काढला. कितीतरी दिवस पाण्यात ठेवून माझा कडूपणा घालवला. मग एका खास झाडाचा निखारा आत घोळवून मला आतून काळा केला. अशा तुंब्यात दूध भरून झाकण लावून ठेवलं की ते आंबतं, घट्ट होतं आणि त्यात राखेच्या निळसर रेघा उमटतात. आमच्याकडे जिंकून आलेल्याच्या ओठांना पहिलं हेच दूध लावतात. आईनं माझ्या गळ्यात मणी घातले, तेव्हा मला वाटलं, आपलं भलं झालं.

झालंही. किमायो पंचविशीत होता, पण त्याला पळायचं होतं कुमारांच्या संघातून, आणि तिथे एकोणिसाच्या वर कुणाला घेत नसत. तेव्हा पासपोर्टावर सहा वर्षं कमी करण्यात आली. आठवड्याभराचं काम. गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ज्याला त्याला हुशारीच वाटली. आई मला घासता घासता शेजारणीला म्हणाली, "मी बापडी सहा वर्षं आधीच बाळंत झाले होते म्हणायची!" दोघी पोट धरधरून हसल्या. किमायो जिंकून आला, तेव्हा आईनं मला दोन्ही हातांनी उचललं, त्याच्या तोंडाला लावलं आणि लोकांनी फोटो काढले. फोटोत त्याच्यापेक्षा मी जास्त दिसतो.

पुढे आणखी काही शर्यती झाल्या. मग गुडघा, मग लग्न, मग पोट. आई गेली. घरात प्लास्टिकचे कॅन आले, सकाळचं दूध नेणारी लॉरी आली आणि मी चुलीशेजारच्या खुंटीवर गेलो. तरी मी वाया गेलो नाही, याचं श्रेय किमायोच्या बायकोला, जेलागतला. तिची एक ठिपक्यांची गाय होती, सामो. भावानं वासरू दिलेलं, तिनं वाढवलेलं. सकाळचं दूध लॉरीला जाई, त्यावर लेक जेप्तूची शाळा चाले. संध्याकाळच्या दुधावर आमच्याकडे घरच्या बाईचा हक्क. त्यातलं थोडं ती माझ्यात ओती. तुंब्याला दूध मिळत राहिलं की तो चिरत नाही, हे तिला सासूनं सांगितलं होतं.

आमचं स्वयंपाकघर तांबड्या मातीच्या रस्त्याला लागून आहे. रोज पहाटे त्या रस्त्यानं पोरांचे कळप पळतात. एके दिवशी किमायोनं जुने बूट बांधले आणि त्या कळपाच्या शेपटाला लागला. पोट त्याच्या दोन पावलं पुढे होतं.

"बाबा, कुणाची गाय सुटली? कुणाच्या मागे पळताय?" एक पोरगा ओरडला.

"तुझ्या बापाच्या मागे!" किमायो धापा टाकत म्हणाला. "नाही, चुकलो. तो माझ्या मागे असायचा!"

सगळे हसले. तोही हसला. आमची पोरं पळायला निघतात तेव्हा अगदी सावकाश निघतात, म्हातारी पाण्याला निघावी तशी. त्यामुळे जाताना किमायो त्यांच्यातच दिसे. परत येताना मात्र ती वाऱ्यासारखी येत आणि हा बराच मागून, एकटा. पण त्यानं जाताना काय झालं तेच धरून ठेवलं. महिन्यांमागून महिने गेले, पोट उतरलं. पहाटे तो शिट्टी वाजवत चूल पेटवू लागला. जेलागत झोपेचं सोंग घेऊन ती शिट्टी ऐकत पडे.

मग बारमासाय आला. एके काळी तो किमायोबरोबर पळायचा. आता पोरांना परदेशी शर्यतींना नेतो. तीन कप चहा पिऊन म्हणाला, "शर्यतीत नाव मी घालतो. तिकीट तुझं तू काढ. आत्ता स्वस्त आहे, नंतर म्हणू नकोस."

"तिकिटं काय मक्यासारखी उगवतात?" जेलागत म्हणाली.

किमायो दाराबाहेर बघत होता. बाहेर सामो रवंथ करत होती.

"एक जाईल, चार येतील," तो म्हणाला.

"जाणारी माझी, येणाऱ्या तुमच्या," जेलागत म्हणाली.

बारमासाय खो खो हसला. तरीही ती हो म्हणाली. बाजाराच्या दिवशी दोर तिनं स्वतःच्या हातानं धरला, नवऱ्याला धरू दिला नाही. त्या संध्याकाळी तिनं सवयीनं मला धुतलं, पुसलं, आणि मग माझ्यात घालायला घरात काहीच नाही हे तिच्या लक्षात आलं.

तिकीट निघालं. जुना पासपोर्ट केव्हाच संपला होता, म्हणून किमायो नवा काढायला शहरात गेला. वाटलं होतं, या वेळी खरं वर्ष सांगू, ते लिहून घेतील, प्रश्न मिटेल. परत आला तो बूट न काढताच चुलीपाशी बसला. बारमासाय वाटच बघत होता.

"साहेब म्हणाला, तुम्ही सदतीस वर्षांचे आहात."

"मग सांगायचं ना त्याला!"

"सांगितलं. पिकलेले केस दाखवले. तो म्हणाला, केस माझेही पिकलेत, मी छत्तीसचा आहे."

"आणि तू जन्मलास तेव्हा आईनं केलेला खरा दाखला?"

"तो खरा म्हणालात तर आधीचा पासपोर्ट खोटा होता, असं लिहून द्या म्हणाला. मग जिंकलेलं सगळं परत मागतील, वर कोर्टही. म्हणाला, आम्ही माणसाला म्हातारा करून देत नाही."

बारमासायला हसू आलं होतं, ते त्यानं चहात बुडवलं. "कागदावर चाळीस व्हायला अजून तीन वर्षं," तो म्हणाला. "थांबतोस?"

"तीन वर्षांनी मी सेहेचाळीस."

"मग खुल्या गटात पळ. तिकीट तर आहेच. पोरांबरोबर पळायची सवय कर म्हणजे झालं."

"तिकीट परत करता येतं का?" जेलागतनं विचारलं.

"स्वस्तातलं आहे, वहिनी. ते परत होत नाही."

दुसऱ्या दिवसापासून किमायो परतीच्या वाटेवरही पोरांना सोडीना. आता कुणी टिंगल करत नव्हतं. मला खुंटीवरून त्यांचे पाय ऐकू यायचे: सगळ्यांचे एका ठेक्यात, आणि त्यात एक ठेका चुकणारा. शर्यतीला थोडेच दिवस राहिले असताना, घराच्या अलीकडच्या चढावर, ठेका चुकणारे पाय थांबले. मोटारसायकलवाल्यानं त्याला दारात आणून सोडलं. टाचेच्या वरची शीर तुटली होती. कुणाची गाय सुटली म्हणून ओरडलेला पोरगा मागून त्याचा एक बूट घेऊन आला, उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेला.

पाय प्लास्टरमध्ये असतानाच शर्यत झाली. जेलागत एकदा सामोच्या नव्या मालकाकडे जाऊन आली. गाय गाभण होती. मालक हसून म्हणाला, "आता एकीच्या नाही, दोघींच्या भावानं न्या." ती गाईच्या पाठीवरून हात फिरवून परत आली. जेप्तू आता बिनदुधाचा चहा पिऊन शाळेत जाते, आणि पुढच्या सत्राला जाईल की नाही, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

एका संध्याकाळी किमायो म्हणाला, "तू तेव्हाच 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"म्हटलं असतं," जेलागत म्हणाली, "तर मरेपर्यंत ऐकलं असतं, हिच्यामुळे राहिलं म्हणून."

पहाटे तो दाराशी पाय लांब करून बसतो. पोरं जाताना आदबीनं "बाबा, नमस्कार" म्हणतात. टिंगल त्याला सोसत होती. हा नमस्कार सोसत नाही.

आणि मी? दूध थांबलं तसा मी वाळलो आणि मानेपासून बुडापर्यंत चिरलो. जेलागतनं दाभणानं मला टाके घातले. आता माझ्यात घेवड्याचं बियाणं असतं. बियाण्याला मी पुरतो. दुधाला पुन्हा पुरणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात जे रोजच्या हातावर टिकून असतं, त्याला सांभाळा. तुंबा असो की गाय असो, पुढे मिळणाऱ्या चारांसाठी हातातलं एक देऊ नका. आणि द्यायचंच असेल तर निदान ते आपलं स्वतःचं आहे ना, हे तरी बघा.

राहिला हिशेब. सहा वर्षं कमी झाली तेव्हा मान किमायोला मिळाला, हसायला आईला मिळालं, गावाला फोटो मिळाले. बारमासायनं नाव घातलं. त्याचे चहाचे कपसुद्धा आमचेच होते. किमायोचा पाय गेला, आणि त्याची चौकशी करायला अजूनही लोक येतात. जेलागतची गाय गेली. तिची चौकशी करायला कुणी आलेलं नाही.