कोपरच्या मंडळीचा पहिला बाक

मित्रांनो, मी बाक आहे. लाकडी, जुना आणि थोडा आगाऊ. डोंबिवली पश्चिमेला, कोपरला, पिठाच्या गिरणीला लागून एक गाळा आहे. तिथे दर रविवारी लूथरन पंथाची ख्रिस्ती मंडळी उपासनेला जमते. वेदीच्या अगदी समोर जो पहिला बाक दिसायचा, तो मी. इतरांचा पहिला नंबर आला की पेढे वाटतात. माझा पहिला नंबर, म्हणून लोक लांब बसायचे.

माझा जन्म ठाण्यातला. टेंभी नाक्यावर नवरात्राच्या मांडवात माझ्या फळ्या जमिनीवर अंथरलेल्या असायच्या. अख्खं ठाणं माझ्यावरून चालत देवीला गेलंय. पुढे एका सुताराने त्या फळ्यांना पाय ठोकले आणि मला कोपरला धाडलं. पायाखालून थेट बुडाखाली! लाकडाच्या आयुष्यात ही मोठी बढती समजतात.

पण बसणार कोण? मंडळी लहान, त्यात प्रत्येकाला शेवटचाच बाक हवा. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. सगुणामावशी म्हणते, तिथून चपलांवर लक्ष राहतं. मावशीच्या चपला नेण्याची हिंमत कोपरमध्ये अजून कुणाला झालेली नाही, ती गोष्ट वेगळी. त्यामुळे माझ्यावर बसायचे ते फक्त पाहुणे, कारण त्यांना कुणी काही सांगितलेलं नसायचं.

पाहुण्यांचं मत मग सगळ्यात आधी मलाच कळायचं. योगिनीवहिनी एकदा शेजारणीबरोबर आल्या. मागे वळून रिकामे बाक बघितले आणि हळूच म्हणाल्या, "अगं, मुलाकडची माणसं यायची राहिलीत का?" एक गृहस्थ गाल धरून आले. त्यांना खरं तर वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, गोपीनाथ पांढरा झगा घालून समोर आले, तशी त्यांची खात्रीच पटली. अख्खा उपदेश त्यांनी निमूट ऐकला. शेवटी पाळकांनी आशीर्वादासाठी हात वर केले, तेव्हा गृहस्थांनी तोंड उघडलं. जाताना म्हणाले, "दाढ तशीच आहे, पण डॉक्टर बोलतात छान."

पाहुणे यायचे, पण परत यायचे नाहीत. म्हणून गोपीनाथांनी ठाण्याच्या मोठ्या मंडळीतल्या देवेशला बोलावलं. "पाहुणा म्हणून बस आणि खरं काय ते सांग," म्हणाले. देवेश माझ्यावर बसला. आमच्या उपासनेत उठबस फार. पुढे बघायला कुणी नाही, त्यामुळे तो उभा तेव्हा सगळे बसलेले आणि तो बसला की सगळे उभे. चहाच्या वेळी त्याने कप खाली ठेवला आणि निकाल दिला, "बाकी ठीक आहे. पण हा पुढचा बाक कायम रिकामा. फोटोत मंडळी अजूनच कमी दिसते. काढून टाका."

"तो काढला की दुसरा पहिला होईल," सगुणामावशी म्हणाली.

"मग तोही काढा."

"आणि मग तिसरा? अरे, असं करत करत आम्ही गिरणीत जाऊन बसू."

दारातून गिरणीवाला दगडू ओरडला, "बसा की मावशी! फक्त दळणाची रांग मोडू नका."

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण हसून झाल्यावर ठरलं तेच. पुढच्या रविवारी बेकरीला लाकूड पुरवणाऱ्या विकीचा टेम्पो येणार आणि मी भट्टीत जाणार. मित्रांनो, भाकरीचं महत्त्व मला शिकवू नका, वेदीवरच्या पवित्र भाकरीसमोर हयात गेलीय माझी. पण ती माझ्यावर भाजायची, हे मला मंजूर नव्हतं. ठरवलं, जळायचंच असेल तर धूर असा करीन की डोंबिवलीला महिनाभर पाव घशाखाली उतरणार नाही.

रविवारी सकाळी त्यांनी मला उचलून दाराबाहेर ठेवलं. उचलणाऱ्यांच्या बोटांत मी एकेक कुसळ घुसवलं. निषेध नोंदवायलाच हवा.

आत गाणं सुरू झालं. तेवढ्यात एक नवीन मुलगी आली, रुपाली. आत डोकावली, बिचकली आणि माझ्यावरच बसली. सगुणामावशी बाहेर आली.

"अगं, आत ये ना."

"नको मावशी, सगळे वळून बघतील. इथूनच ऐकते ना मी."

मावशीने एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडे. दार गाळ्याच्या मागच्या बाजूला आहे. म्हणजे दाराबाहेरचा बाक हा शेवटच्या बाकाच्याही मागचा! "सरक," मावशी म्हणाली आणि बसली.

झालं. मावशीला एवढी मागची जागा मिळालेली बाकीच्यांना कशी बघवणार? गाणं संपायच्या आत दोघं आले, मग तिघं. "जरा सरका ना." "ए, मी आधी बघितलेली जागा." आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावरून भांडण झालं! उरलेले माझ्याभोवती उभे राहिले. गोपीनाथांनी रिकाम्या गाळ्याकडे बघितलं, झगा सावरला आणि तेही बाहेर पायरीवर आले. दळणाच्या रांगेतले आयतेच श्रोते झाले.

आणि विकीचा टेम्पो आला.

"चला, उठा. बाक न्यायचाय."

"उपासना चालू आहे," मावशी म्हणाली.

"धंद्याचा टाइम आहे माझा, मावशी. देवेशभाईंनी सांगितलंय उचलायला."

"मग आधी मला उचल."

विकीने मावशीकडे नीट बघितलं आणि विचार बदलला. "ठीक आहे, थांबतो. कधीतरी उठालच की."

तो बरोबर बोलत होता. बायबलमधलं शुभवर्तमान वाचताना आमच्यात सगळे उभे राहतात. गोपीनाथांनी पुस्तक उघडलं आणि सवयीने म्हणाले, "उभे राहू या." विकीने माझं एक टोक धरलं.

कुणीही उठलं नाही. मावशीने तर मला दोन्ही हातांनी घट्ट पकडलं. रुपाली अर्धी उठली होती, तिला मावशीने कोपराने खाली बसवलं. गोपीनाथांनी आमच्याकडे बघितलं, विकीच्या हाताकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"बसा, बसा. देव बसलेल्यांचंही ऐकतो."

विकी रिकामा टेम्पो घेऊन गेला. मला आत नेलं, पण सगळ्यात मागे, दाराजवळ. रुपाली अजून येते. पुढे आता दुसरा बाक रिकामा असतो. त्याचं आत्मवृत्त तो लिहील.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. कुठे एखादा रिकामा बाक दिसला, तर कुणाला न विचारता त्यावर जाऊन बसा आणि कुणी उठा म्हटलं तरी उठू नका. माणसं बसलेला बाक उचलायला कुणाच्या बापाला जमत नाही.